बाळाची घडीची फळी भिंतीतून पुन्हा पुन्हा का सुटते?

तक्रार बहुतेक घरांतून एकाच क्रमानं येते. बाळ घरी येण्याआधी त्याचे लंगोट, डायपर बदलण्यासाठी बेडरूमच्या भिंतीवर दोन फोल्डिंग ब्रॅकेट आणि प्लायची फळी बसवली जाते. पहिले तीन-चार आठवडे सगळं ठीक चालतं. मग फळीची पुढची कड किंचित झुकते, खाली फरशीवर बारीक भुकटी पडू लागते आणि ब्रॅकेटच्या वरच्या टोकाशी नख जाईल एवढी फट दिसते. मिस्त्री येतो, त्याच भोकात मोठी गिट्टी (स्क्रू धरणारा प्लग) ठोकतो, पांढरं सिमेंट भरतो आणि स्क्रू आवळून जातो. पंधरा दिवसांत पुन्हा तीच भुकटी.

ही फट दिसली की त्या दिवसापासून फळी वापरायची नाही. बाळाचे लंगोट, डायपर जमिनीवर गोधडी घालून बदला. खाली पडायला जागाच नसल्यामुळे जमीन ही कायम सर्वांत सुरक्षित जागा आहे. फळी बसवायची ती आईची पाठ आणि सिझरचा टाका सांभाळण्यासाठी. त्यामुळे फळी दुरुस्त होईपर्यंत दोन-चार दिवस आजीनं किंवा बाबांनी खाली बसून हे काम केलं तर काही अडत नाही.

आता दोष नेमका कुठे असतो ते पाहू. बहुतेक वेळा स्क्रूला दोष दिला जातो, पण स्क्रू क्वचितच तुटतो. सुटते ती भिंतीतली पकड, आणि ती सुटण्यामागे साधं तरफेचं गणित आहे.

आठ किलोच्या बाळाची साठ किलोची ओढ

नेहमीची फळी ३० इंच लांब, २० इंच रुंद आणि १८ मिलिमीटर जाड असते. सुतार याला सहा सुती प्लाय म्हणतात. तिचं स्वतःचं वजन साधारण साडेचार किलो. सहा-आठ महिन्यांचं बाळ आठ किलोच्या आसपास. ही दोन्ही वजनं भिंतीपासून सुमारे २५ सेंटिमीटरवर येतात. तिसरं वजन कोणी मोजतच नाही, ते म्हणजे बदलणाऱ्या माणसाच्या हातांचं. डायपर बांधताना आपण नकळत पुढच्या कडेवर कोपर किंवा पोट टेकवतो. तो भार १२ किलो धरला तरी तो भिंतीपासून ५० सेंटिमीटरवर पडतो, म्हणून त्याचा परिणाम सर्वांत मोठा.

अंतर गुणिले वजन असा हिशेब केला तर बाळाचे २, फळीचे १.१ आणि हातांचे ६, मिळून सुमारे ९ किलो-मीटर (किलो गुणिले मीटर) होतात. हा सगळा पीळ ब्रॅकेटची भिंतीवरची उभी पट्टी झेलते. बाजारातल्या बऱ्याच घडीच्या ब्रॅकेटमध्ये वरच्या आणि खालच्या स्क्रूंत जेमतेम १५ सेंटिमीटर अंतर असतं. ९ भागिले ०.१५ म्हणजे ६० किलो. वरच्या स्क्रूंना भिंतीतून बाहेर खेचणारी ओढ इतकी असते, दर ब्रॅकेटला ३० किलो. लहान बाळाचं दिवसातून आठ-दहा वेळा तरी बदलावं लागतं, म्हणजे महिन्यात अडीचशे-तीनशे झटके. खालच्या स्क्रूंवर मात्र फक्त दाब येतो, म्हणून ते कधी सैल होत नाहीत. फट नेहमी वरच का पडते, त्याचं कारण हेच.

या हिशेबातूनच उपायांचे दोन रस्ते निघतात. एक, वरच्या-खालच्या स्क्रूंमधलं अंतर वाढवायचं. ते ३० सेंटिमीटर झालं की ओढ निम्मी होते. दुसरा रस्ता जास्त खात्रीचा. फळीच्या पुढच्या कडेला जमिनीवर टेकणारा पाय द्यायचा, म्हणजे ओढ जवळजवळ उरतच नाही. कोणता रस्ता घ्यायचा हे भिंत ठरवते.

भिंत आधी ओळखा

जिथे फळी लावायची तिथेच, ६ मिलिमीटरच्या बिटनं एक चाचणीचं भोक पाडा. खाली कागद धरा. सुरुवातीचे १२ ते २० मिलिमीटर करडी-पांढरी भुकटी येईल. ते पुट्टी आणि प्लॅस्टर आहे, ते मोजायचं नाही. त्यानंतर काय येतं ते बघा.

लाल भुकटी आली तर वीट. भिंत चार इंची की नऊ इंची हे दाराच्या चौकटीपाशी जाडी मोजून कळतं. दोन खोल्यांमधल्या भिंती बहुतेक चार-साडेचार इंचीच असतात.

पांढरी, पिठासारखी मऊ भुकटी आली आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत गेलं, तर ते सिपोरेक्स ब्लॉक. नाशकात पाथर्डी फाटा, मखमलाबाद रोड, पेठ रोडकडच्या नव्या इमारतींत हे ब्लॉक मोठ्या प्रमाणात सापडतात. वजनाला हलके, उष्णता कमी आत येऊ देणारे, पण साध्या गिट्टीला अजिबात न धरणारे.

करडी भुकटी आली आणि ड्रिल अडून किंचाळू लागलं, तर तो काँक्रीटचा कॉलम किंवा बीम. ही सर्वांत चांगली जागा. खोलीच्या कोपऱ्यात असा कॉलम असेल तर फळीचा एक ब्रॅकेट तरी त्यावर यावा अशी मांडणी करा.

पंचवटीतल्या आणि जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या भिंती जाड दिसतात, म्हणून मजबूत वाटतात. पण विटा मातीत रचलेल्या असल्या तर भोकातून माती-भुसा गळत राहतो आणि कुठलाही प्लग फिरतो. तिथे लाकडी खांब सापडला तर त्यात थेट स्क्रू घ्या, नाहीतर सरळ पायाच्या फळीकडे वळा.

ड्रिल करण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या. स्विचबोर्डच्या बरोबर वर आणि खाली उभ्या रेषेत भिंतीतून वायरींचा पाइप जातो, तिथे भोक पाडायचं नाही. आणि बाथरूमला लागून असलेली भिंत टाळायची. तिच्यातून पाण्याच्या लाइनी जातात, शिवाय ओल असतेच. रंगाचे पोपडे किंवा पांढरी खारट भुकटी दिसत असेल तर त्या भिंतीतलं प्लॅस्टर आधीच मेलेलं असतं.

तेच भोक पुन्हा का धरत नाही

दुकानात सहज मिळणारी गिट्टी, म्हणजे रावल प्लग, साधारण दीड इंची असते. ३५ मिलिमीटरच्या गिट्टीतले १५ प्लॅस्टरमध्ये आणि २ पुट्टीत गेले तर विटेत उरतात फक्त १८. प्लॅस्टर ओढ सहन करत नाही, त्यामुळे ३० किलोची ओढ या १८ मिलिमीटरवर येते. पहिल्यांदा गिट्टी सुटते तेव्हा भोकाच्या आतली भिंतही चुरते. मग त्यात मोठी गिट्टी बसवली तरी ती चुऱ्याला दाबते, घट्ट विटेला नाही. भोकात काडेपेटीच्या काड्या कोंबल्या तर त्या वाळून आकसतात. पांढरं सिमेंट आणि पीओपी ठिसूळ असतात, झटक्यानं त्यांना तडा जातो.

म्हणून नियम असा: सुटलेलं भोक भरून बंद करायचं आणि नवं भोक त्यापासून किमान तीन इंच दूर घ्यायचं. ते विटेच्या मध्यावर यावं, दोन विटांच्या सांध्यात नाही. सांध्यात बिट गेलं तर भुकटी लालऐवजी करडी येते आणि ड्रिल अचानक सैल पडतं.

विटेची किंवा काँक्रीटची भिंत असेल तर

ब्रॅकेट थेट भिंतीवर लावू नका. आधी भिंतीवर दोन उभ्या सागवानी पट्ट्या लावा, प्रत्येकी ३ इंच रुंद, दीड इंच जाड, १६ इंच लांब. पट्टीला वरून आणि खालून दोन-दोन इंच सोडून भिंतीत स्क्रू घ्या, म्हणजे दोन स्क्रूंत १२ इंच, ३० सेंटिमीटर अंतर मिळतं. मग ब्रॅकेट पट्टीवर लावा. ब्रॅकेटच्या वरच्या भोकांत मात्र साधे स्क्रू नकोत. तिथे ६ मिलिमीटरचा बोल्ट घ्या. त्याचं डोकं पट्टीच्या मागून खाचेत बसवायचं आणि नट पुढून, वॉशर घालून. पट्टी भिंतीवर चढण्याआधीच हे करावं लागतं, नंतर मागे हात जात नाही.

पट्टी भिंतीत धरण्यासाठी १० मिलिमीटर जाडीचे लांब नायलॉन प्लग मागा. लांबी मोजून ठरवायची: पट्टी ३८, प्लॅस्टर-पुट्टी १७ आणि विटेत किमान ५०, म्हणजे १०५ ते ११५ मिलिमीटर. भिंत चार इंची असेल तर भोक विटेत ६० मिलिमीटरपेक्षा खोल नेऊ नका. पलीकडचं प्लॅस्टर फुटतं. बिटवर टेपची खूण करून घ्या. भोक प्लगपेक्षा १० मिलिमीटर जास्त खोल असावं आणि प्लग घालण्याआधी सायकलच्या पंपानं आतली भुकटी उडवावी. ही शेवटची पायरी निम्मे मिस्त्री गाळतात. भुकटी राहिली की प्लग घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि आठवड्यात फिरतो. समोर उभं राहून सांगा, "दादा, भोक आधी साफ करा, आणि प्लग प्लॅस्टरमध्ये नको, विटेत बसला पाहिजे."

चार इंची भिंतीच्या पलीकडची खोलीही तुमचीच असेल, तर याहून चांगला उपाय आहे आरपार बोल्ट. ८ मिलिमीटरचा बोल्ट भिंतीतून पलीकडे काढायचा आणि तिथे दोन इंची लोखंडी पट्टी किंवा मोठा वॉशर घालून नट आवळायचा. पलीकडे चार नट दिसतात, त्यावर छोटी लाकडी पट्टी लावून रंग दिला की झाकलं जातं. अशी फळी भिंत पडल्याशिवाय सुटत नाही.

सिपोरेक्स, वाड्याची माती, किंवा दोनदा सुटलेली भिंत

सिपोरेक्समध्ये काम करताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा. हातोड्याच्या ठोक्यानं भोक आतून भसकन मोठं होतं आणि ८ च्या बिटचं भोक ११ चं होऊन बसतं. खास या ब्लॉकसाठीचे प्लग मिळतात, केमिकल अँकरही (भोकात भरायचा, वाळून घट्ट होणारा मसाला) चालतो. केमिकल अँकर वाळायला लागणारा वेळ ट्यूबवर तापमानाप्रमाणे दिलेला असतो. नाशकात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा उन्हाळ्याच्या हिशेबानं दोन तासांत भार टाकला तर सगळं फुकट जातं. थंडीत पूर्ण एक दिवस द्या.

पण आमचं स्पष्ट मत असं की अशा भिंतीवर बाळाची फळी टांगूच नये. तिला पाय द्यावा. पाय पुढच्या कडेला आला की हातांचा पूर्ण भार जमिनीत जातो. बाळ आणि फळीच्या साडेबारा किलोंपैकी निम्मे, सहा-साडेसहा किलो भिंतीकडे येतात, तेही खालच्या दिशेनं. इतका भार कुठलीही धड भिंत पेलते.

या फळीची रचना उलटी असते. ती वापर संपल्यावर खाली लोंबत नाही, वर उचलून भिंतीला लागते आणि तिचा पाय बाहेरच्या बाजूनं खाली लटकतो. सामान असं लागतं:

- १८ मिमी प्लाय: ३० × १८ इंचाची मुख्य फळी, ३० × ५ इंचाची भिंतीकडची अरुंद फळी
- १२ मिमी प्लायच्या ४ इंच उंच पट्ट्या, चारही बाजूंच्या कठड्यासाठी
- ३० इंची पियानो बिजागरी एक, तीन इंची बिजागऱ्या दोन
- दीड बाय दीड इंची लाकूड: ३३ इंची दोन पाय, २२ इंची दोन आडवे दांडे
- ४ इंची लोखंडी एल-अँगल तीन, स्क्रू आणि लांब प्लग सहा
- टॉवर बोल्ट दोन, लांब कडी एक, रबरी बूट दोन

आधी उंची ठरवा. ज्या व्यक्तीला फळी सर्वांत जास्त वापरायची आहे तिनं सरळ उभं राहून कोपर काटकोनात वाकवायचं, कोपरापासून जमीन मोजायची आणि त्यातून चार इंच वजा करायचे. पाच फूट उंचीच्या बाईला हे साधारण ३३-३४ इंच येतं. ही उंची गादीच्या वरच्या पृष्ठभागाची असते. लोक फळी ३४ इंचावर लावतात, वर दोन इंची गादी घालतात आणि मग खांदे दुखतात. आजी आणि आई दोघी वापरणार असतील आणि दोघींच्या उंचीत फरक असेल, तर बुटक्या व्यक्तीच्या मापानं लावा. उंच माणसाला थोडं वाकता येतं, बुटक्याला टाचा उंचावून बाळ सांभाळता येत नाही.

१. अरुंद फळी तीन एल-अँगलवर भिंतीला लावा. पाणसळ (स्पिरिट लेव्हल) ठेवून आडवी रेषा पक्की करा. अँगलचा उभा हात खाली यावा.

२. अरुंद फळीच्या पुढच्या कडेला पियानो बिजागरीनं मुख्य फळी जोडा. बिजागरी प्लायच्या कापलेल्या कडेत लावायची नाही, कारण तिथे स्क्रू पातळ थरांना वेगळे करत आत जातो आणि काही दिवसांत गळून येतो. ती दोन्ही फळ्यांच्या वरच्या पृष्ठभागावर लावा. सांध्यावर रेक्झिनची पट्टी एका बाजूनं चिकटवा, म्हणजे बाळाची बोटं फटीत जाणार नाहीत.

३. चारही कठडे मुख्य फळीवर लावा. मागचा कठडा बिजागरीपासून एक इंच आत घ्या, नाहीतर फळी वर उचलताना तो अडतो. ४ इंची कठडा ५ इंची अरुंद फळीमुळे तयार झालेल्या पोकळीत बसतो, म्हणून ती फळी पाच इंचांपेक्षा कमी घेऊ नका.

४. दोन पाय आडव्या दांड्यांनी जोडून चौकट करा आणि मुख्य फळीच्या खालच्या अंगाला, पुढच्या कडेपासून दोन इंच आत, बिजागऱ्यांनी लावा. पायाची लांबी आधीच कापू नका. फळी पाणसळीत धरून प्रत्येक पायाची जागा जमिनीपासून वेगळी मोजा. आपल्या फरश्यांना मोरीकडे उतार असतो आणि जुन्या शहाबादीला तर खाचखळगेही असतात. दोन पायांत पाच-सहा मिलिमीटरचा फरक सहज निघतो.

५. उघडल्यावर पाय आपोआप उभा राहतो, पण कोणाचा धक्का लागला तर आत दुमडू शकतो. म्हणून पायाच्या वरच्या दांड्यापासून फळीच्या तळापर्यंत तिरकी कडी लावा आणि ती अडकवल्याशिवाय बाळाला ठेवायचं नाही.

६. वर उचललेली फळी दोन्ही बाजूंनी टॉवर बोल्टनं भिंतीच्या ठोकळ्यात अडकवा. एक बोल्ट पुरत नाही. घरात दोन-तीन वर्षांचं मोठं भावंड असेल तर ते लटकणारा पाय ओढणारच, आणि फळी थेट त्याच्या डोक्यावर येते.

बंद असताना हे सगळं भिंतीपासून सात-सव्वासात इंच बाहेर येतं, उघडल्यावर २३ इंच. १० बाय १० च्या खोलीत सहा फुटी पलंग असेल तर बाजूला साधारण चार फूट उरतात, म्हणजे फळीसमोर उभं राहायला दोन फूट मिळतात. त्यापेक्षा कमी असेल तर कपाटाचं दार आणि खोलीचं दार दोन्ही उघडून बघा. लाकूड कापण्याआधी खोक्याचा पुठ्ठा ३० × २३ इंचाचा कापून स्टुलावर त्याच उंचीला ठेवा आणि दोन दिवस त्याच्याभोवती वावरून पाहा. सिडकोतल्या छोट्या खोल्यांत जागा चुकली की सगळ्यांना कंबरेला कोपरा लागत राहतो.

पावसाळ्यात सैल होते, उन्हाळ्यात ठीक असते

हा वेगळा दोष आहे आणि भिंतीचा नाही. साधा कमर्शियल प्लाय दमट हवेत फुगतो, कडा उकलतात आणि बिजागरीचे स्क्रू पकड सोडतात. इथे तर वरून लंगोटाचं पाणी, तेल, ओल्या पुसण्या असतात. आयएस ७१० चा शिक्का असलेला, म्हणजे पाणी सोसणारा मरीन प्लाय घ्या. आयएस ३०३ चा एमआर प्लाय दमट हवा थोडीफार सोसतो, पण सततचं ओलं नाही. कापलेल्या कडांना दोन हात सीलर द्या. सगळ्यांत आधी तिथूनच पाणी शिरतं.

जुनी फळी फेकायची नसेल तर बिजागरीचे स्क्रू काढून त्याच भोकांतून ५ मिलिमीटरचे आरपार बोल्ट घाला, खाली वॉशर आणि लॉक नट लावा. साधा नट रोजच्या उघडझापेनं फिरून सैल होतो.

नाशकात पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर फळी असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीतली ओल गादीत उतरते आणि तिला कुबट वास येतो. फळी पूर्वेच्या किंवा आतल्या भिंतीवर असावी. खिडकीखाली तर नकोच. जानेवारीच्या पहाटे उघड्या अंगाच्या बाळाला त्या फटीतला वारा पुरेसा असतो.

भिंत घट्ट आहे, तरी भीती वाटते

यातल्या तक्रारी छोट्या असतात पण धोका त्यांत जास्त आहे.

गादी जाड आणि कठडा बुटका. ४ इंची कठड्यात २ इंची फोम घातला की उरतात दोन इंच. एक इंची, दाबला तरी न बसणारा फोम घ्या. गादी सरकत असेल तर खाली रुंद वेल्क्रोच्या चार पट्ट्या लावा. वर रेक्झिन आणि त्यावर सुती दुपटं. नुसत्या रेक्झिनला उन्हाळ्यात बाळाची पाठ चिकटते.

सामान हाताबाहेर. डायपर, पुसण्या, कोरडं कापड आणि बदलायचे कपडे बाळाला फळीवर ठेवण्याआधीच अरुंद फळीवर ठेवा. उजव्या हातानं काम करणाऱ्यांनी सामान उजवीकडे ठेवायचं, म्हणजे डावा हात बाळाच्या पोटावरून उठतच नाही. पट्टा लावला म्हणून हात काढू नका. पट्टा बाळाला सरकण्यापासून थोडं रोखतो, पडण्यापासून नाही. चौथ्या महिन्याच्या आसपास बाळ अचानक एके दिवशी कूस बदलतं आणि तो दिवस आधी कळत नाही. दारावरची बेल वाजली, फोन आला, तर बाळाला उचलून सोबत न्यायचं.

मालिश या फळीवर करायची नाही. तेलानं बाळ हातातून निसटतं आणि तेल प्लायमध्ये मुरून वास येतो. मालिश-आंघोळीला येणाऱ्या मावशी जमिनीवर पाय पसरून बसतात, ती पद्धतच योग्य. पावडरचा डबा फळीजवळ ठेवूच नका, ती भुकटी बाळाच्या श्वासात जाते.

भिजवलेल्या लंगोटांची बादली फळीखाली ठेवण्याचा मोह होतो. ती घट्ट झाकणाची असावी आणि बाळ रांगू लागलं की बाथरूममध्ये दाराआड जावी. चार बोटं पाण्यातही रांगतं बाळ बुडू शकतं. वापरलेले डायपर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून वेगळ्या पिशवीत ठेवा आणि घंटागाडीत ओल्या कचऱ्यात मिसळू देऊ नका.

घरमालक भोक पाडू देत नसेल तर वॉशिंग मशीनवर गादी टाकण्याचा विचार सोडून द्या. मशीन फिरताना थरथरतं आणि गादी सरकत जाते. ओट्यावर तर गॅस आणि सुरी दोन्ही असतात. कंबरेएवढं, रुंद बुडाचं लाकडी कपाट असेल तर त्यावर कठड्याचा ट्रे चारही कोपऱ्यांत स्क्रूनं पक्का करा. तेही नसेल तर जमीन आणि बदलणाऱ्याच्या गुडघ्याखाली उशी.

वापरण्याआधीची चाचणी

जमिनीपासून पुढच्या कडेची उंची मोजून भिंतीवर पेन्सिलनं लिहा. फळीच्या मध्यावर दहा किलो तांदळाची पिशवी आणि पुढच्या कडेजवळ वीस लिटरचा भरलेला पाण्याचा जार ठेवा. खाली गोधडी अंथरा, कोणाला जवळ जाऊ देऊ नका. रात्रभर राहू द्या. सकाळी भार उतरवून पुन्हा मोजा. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक राहिला, किंवा खाली चिमूटभर जरी भुकटी पडली, तर ती फळी बाळासाठी नाही. पकड पुन्हा करा किंवा पाय लावा. पास झाली तर प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून लाकडापर्यंत नेलपॉलिशची एक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. पहिला महिना दर रविवारी आणि नंतर महिन्यातून एकदा ही रेघ बघायची. पावसाळा सुरू झाल्यावर आणि संपल्यावर एकेकदा जास्त.

बाळ फळीवर धरून उभं राहायचा प्रयत्न करू लागलं, किंवा दहा किलोच्या पुढे गेलं, की बदलणं जमिनीवर आणा. ब्रॅकेटची फळी असेल तर ती काढून भोकं बुजवा. पायाची असेल तर कठडे आणि गादी उतरवा, टॉवर बोल्ट मात्र दोन्ही जागेवर राहू द्या.